ओदिलियाची वोचो

डोंगरउतारावर वसलेल्या आमच्या क्वाउतेपेकच्या चढावर राहायचं तर माणसाला एक तर बकरीचे पाय हवेत, नाहीतर वोचो. वोचो म्हणजे ती जुनी गोलमटोल फोक्सवॅगन, जिचं इंजिन मागे असतं. तिचा कारखाना केव्हाच बंद पडला, पण आमच्या वरच्या गल्ल्यांत अजून तिचंच राज्य आहे, आणि गरिबाला परवडते तीही तीच.

ओदिलियाला चव्वेचाळिसाव्या वर्षी ती घ्यायची होती. ती कपांत जेली लावायची आणि खाली मोठ्या इस्पितळाच्या दारात विकायची. रोज दोन बस बदलून, खोकं मांडीवर घेऊन. खड्डा आला की हिचा जीव वर. चाळीस कपांतले दहा-बारा आडवे होत, आणि बाजूच्या सीटवरच्या बाईच्या कपड्यांवर लाल ओघळ गेला की वर शिव्या. गाडी हवी होती ती एवढ्यासाठी.

भिशी लागली तशी तिने वरच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मेलितोनकाकांची फिकट निळी वोचो बोलून ठेवली. काका तिच्यातून चढावर सवाऱ्या नेत. आता त्यांचे गुडघे गेले होते. सवाऱ्यांना मागे शिरायला सोपं जावं म्हणून त्यांनी ड्रायव्हरशेजारची सीट काढून टाकली होती. त्या रिकाम्या जागेत खोकी सपाट राहतात, हे ओदिलियाने मोजून घेतलं होतं. आठ महिने दर रविवारी, सामने सुरू व्हायच्या आधी, काकांनीच तिला फुटबॉलच्या मैदानावर गाडी शिकवली. फी म्हणून जेली खाल्ली. या शिकण्याचा मात्र तिने घरी कोणाला पत्ता लागू दिला नाही. घरी आई आणि थोरला भाऊ रामिरो, आणि रामिरोला सांगणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं.

रामिरो शहरातल्या एका बड्या साहेबांचा ड्रायव्हर. लांबलचक काळी गाडी, ऑटोमॅटिक, गिअर बदलायची भानगडच नाही. गाड्यांमधलं सगळं आपल्याला कळतं असं त्याचं ठाम मत होतं, आणि घरात त्याच्या मतांना कोणी हात लावत नसे.

व्यवहाराच्या रविवारी ओदिलियाचं कशात लक्ष लागेना. पिशवीतले कागद तिने चार वेळा पाहिले. कॉफी दोनदा गरम केली आणि तशीच ठेवली.

"अगं, टेक की जरा," आई म्हणाली. "गाडी कुठे पळून जात नाही. पळत असती तर म्हाताऱ्याने विकली असती का?"

तिघं चढ चढून काकांच्या दारी पोचली. सह्या झाल्या. काकांनी किल्ली ओदिलियापुढे धरली, आणि तिचा हात पुढे होईपर्यंत रामिरोचा पंजा आडवा आला.

"आण इकडे. आठवडाभर मी चालवून बघतो, मग पुढचं पुढे."

"अरे, पण माझी जेली..."

"सोडीन ना तुला. गुरुवारी सुट्टीच असते मला."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस बस आहे की. आजवर काय चालत आलीस?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. चव्वेचाळीस वर्षं ती अशीच मान खाली घालत आली होती, आणि मला विचाराल तर निम्मा दोष त्या मानेचाच. वडिलांचा टीव्ही, वरची हवेशीर खोली, सगळं रामिरोकडे आठवडाभरासाठीच गेलं होतं. किल्लीही तशीच जाणार हे तिला कळत होतं. तरी ती आईशेजारी मागे जाऊन बसली.

तरुणपणी कधीतरी गिअरची गाडी चालवली होती, त्या भांडवलावर रामिरोने वोचो गल्लीत उतरवली. गल्ली एका गाडीपुरतीच. अर्ध्या उतारावर समोरून पाण्याचा टँकर चढत आला. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की भरला टँकर चढावर मागे जात नाही. वरून येणाऱ्याने माघार घ्यायची. वीसेक पावलं मागे गल्ली रुंद होत होती.

रामिरोने गिअर टाकला आणि वोचो मागे जायच्या ऐवजी पुढे उडाली. पुन्हा टाकला, पुन्हा पुढे. आता टँकरचं नाक हातभर अंतरावर होतं.

"ओ साहेब, मागे घ्या," टँकरवाला ओरडला. "माझा ब्रेक किती वेळ धरणार?"

वोचोचा रिव्हर्स नुसता ओढून पडत नाही. दांडा आधी खाली, जमिनीकडे दाबायचा आणि मग मागे ओढायचा. न दाबता ओढला की दुसरा गिअर पडतो. ओदिलियाला हे दिसत होतं. शब्द जिभेवर आले होते. सांगावं की नको? सांगितलं तर तो गाडी मागे घेईल, आणि मग आठवडा काय, जन्मभर घेत राहील. सांगू नये तर शेजारी आई होती. आईने एव्हाना तिचा दंड घट्ट धरला होता.

रामिरोच्या मानेवर घाम आला. त्याने तिसऱ्यांदा दांड्याला हात घातला.

"उतर," ओदिलिया म्हणाली.

"काय?"

"हँडब्रेक ओढ आणि उतर."

आवाज तिचाच होता, पण तिलाही अनोळखी वाटला. तो उतरला. ती पुढे आली. मैदान सपाट होतं, हा चढ होता. तिने दांडा दाबला, मागे ओढला. इंजिन बंद पडलं. दारादारांत माणसं जमली होती. दुसऱ्यांदाही बंद पडलं, तेव्हा कोणीतरी हसलं. तिसऱ्यांदा वोचो गुरगुरली आणि इंचाइंचाने मागे चढू लागली, वीस पावलं, भिंतीला न घासता. टँकरवाला जाताना हात वर करून गेला.

रामिरो धापा टाकत वर आला आणि त्याने ड्रायव्हरकडचं दार उघडलं. सवयीने हात पुढे केला, किल्लीसाठी. ओदिलियाने स्टिअरिंग सोडलं नाही. मग तो हात तसाच दारावर टेकला.

"रिव्हर्स कसा पडतो, तुला माहीत होतं?"

"आठ महिने झाले."

"मग मघाशी बोलली का नाहीस?"

"तू मला विचारलंस कधी?"

हे बोलताना तिला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. रामिरो गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेला. तो अंग चोरून आईशेजारी मागे शिरला, आणि आईने त्याला जागा करून दिली.