गीझरचा लाल दिवा

गीझरचा लाल दिवा लागला की मला राजाजीनगरचं भाड्याचं घर आठवतं आणि अजूनही डोकं तापतं. थंडीचे दिवस होते, बाबा निपाणीहून राहायला आले होते, आणि दिवा लागूनही नळाला बर्फासारखं पाणी येत होतं. बटण चालू-बंद केलं, तापमानाची कळ फिरवून पाहिली, काही फरक नाही. शेवटी खालच्या मजल्यावरच्या कानडी मालकीणबाईंना बोलावलं. त्यांनी पाण्याला बोटसुद्धा लावलं नाही. "दिवा लागतोय ना, मग सरी आहे, ठीकच आहे. जमत नसेल तर दुसरं घर बघा." मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात खांद्यावर टॉवेल टाकलेल्या बाबांनी नळाखाली हात धरला. "गरम आहे, अक्का. ही उगाच घाई करते," म्हणाले आणि आंघोळीला बाथरूमचं दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने जळालेली कॉइल काढून दाखवली, तर बाई म्हणाल्या, "काल तुमच्या वडिलांनीच गरम आहे म्हटलं की!" आता घर माझं आहे, गीझरही माझाच, तरी बाबा आले की बटणापाशी थांबून हळूच विचारतात, "लावू का गं? कुणी बोलणार नाही ना?"