आईसारखी दिसणारी बाई

मोशीजवळ बाबांच्या दुचाकीला कंटेनरनं धडक दिली. हेल्मेट होतं म्हणून वाचले. सांगवीच्या घरी परत आले तेव्हा चालत होते, बोलत होते, मला नावानं हाक मारत होते. आई चहा ठेवून वळली तशी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"ही बाई कोण गं?"

"बाबा, आई आहे."

"दिसते तिच्यासारखी. साडीही तिचीच नेसलीय. पण ती नाही."

आई दारातच थबकली होती.

डॉक्टर म्हणाले, चेहरा ओळखता येतोय. पण आपलं माणूस दिसल्यावर आत जो जिव्हाळा उमटतो, तो उमटत नाही. मग मेंदू स्वतःची समजूत घालतो, की ही कुणीतरी तोतया असणार. मला हे पुस्तकांतून माहीत होतं. मी तत्त्वज्ञान शिकवते. स्मृती गेली, स्वभाव पालटला, तरी माणूस तोच राहतो का, याबद्दल लोकांना आतून काय वाटतं, हा माझ्या संशोधनाचा विषय. असल्या कल्पित गोष्टी सांगून मी भोसरीतल्या कामगारांना, आयटीतल्या मुलांना प्रश्न विचारत हिंडले होते. लोक क्षणभर विचार करून उत्तर द्यायचे आणि आपापल्या कामाला लागायचे.

बाबा आईच्या हातचं खाईनात. "माझ्या बायकोचं काय केलंस?" असं ओरडायचे. आई हॉलमध्ये झोपू लागली.

एकदा मंडईतून यायला उशीर होणार म्हणून तिनं फोन केला. नेमका बाबांनीच उचलला, आणि आवाज ऐकताच रडू लागले.

"अगं, कुठं आहेस तू? इथं एक बाई येऊन राहिलीय. लवकर ये."

आवाज मेंदूत वेगळ्या वाटेनं पोचतो, ती वाट शाबूत असावी, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. तेव्हापासून आई जेवणाच्या वेळी गच्चीवर जाऊन त्यांना फोन करायची. "अहो, ती देईल ते खा. चांगली आहे ती." बाबा मुकाट्यानं जेवायचे. खाली आली की ती पुन्हा परकी.

हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात आईनं हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

"तिला बोलाव," मला म्हणाले.

"अहो, मीच आहे. जरा डोळे मिटा, म्हणजे कळेल."

त्यांनी मिटले नाहीत. तिच्यावर नजर रोखून, भेदरल्यासारखे बघत राहिले. त्याच दुपारी गेले.

दिवसकार्य उरकल्यावर आई त्यांचे शर्ट आवरत होती. एकदम म्हणाली, "शेवटी त्यांच्याजवळ मी होते ना गं?"

"होतीस की."

"माझ्या लेखी होते. त्यांच्या लेखी?"

तिनं पुढचा शर्ट घडी घालायला घेतला.