डब्यातलं एकही विमान आमच्या डेकवरचं नव्हतं

चार वर्षं नेव्हीत होतो. पोस्टिंग विमानवाहू जहाजावर, फ्लाइट डेकवर. काम म्हणजे विमानं ढकलायची, उभी करायची, बांधायची. पायलट पोस्टरवर, आम्ही विमानाखाली. मी मेहकरचा. माह्यासंगं वडनेर भोलजीचा प्रशिक इंगळे. आमचे चीफ हरियाणाचे. आमचा जिल्हा एकच, म्हणून नावानं कधी बोलावलंच नाही. "ओए बुलढाणा, भाग के!" म्हटलं की आम्ही दोघंही पळत सुटायचो. चीफचा आवाज मी असा हुबेहूब काढत होतो की एक डाव प्रशिक जेवतं ताट सोडून डेकवर पळाला. मंग त्यानं मले पूर्ण मेसभर पळवलं.

आता मी मेहकरले असतो. प्रशिक नसतो.

मागच्या महिन्यात, तो शिकला त्या शाळेतून फोन आला. त्याच्या नावानं काचेच्या पेटीत जहाजाचं मॉडेल ठेवायचं होतं. किट त्यायनं मागवली, जोडून द्यायची मी. डबा उघडला. जहाज आमचंच, मापात. आत आठ लढाऊ जेट. पण त्या जातीचं जेट आम्ही भरती व्हायच्या आधीच सेवेतून गेलं होतं. वरून सगळ्यायचे पंख उघडे. डेकवर जागा इतकी कमी, उभं विमान पंख मिटूनच ठेवा लागते. नाहीतर बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडात बैलगाडी आडवी घातल्यासारखं. एवढं मी हसण्यावारी नेलं असतं. पण डब्यात हेलिकॉप्टर एकही नव्हतं.

हेडमास्तरले सांगतलं. "सर, प्रशिकचा जीव हेलिकॉप्टरपायी गेला. जेटचा काही संबंध नाही."

"अरे बाबू, पोरायले जेट पाह्यजे. हेलिकॉप्टर तर इलेक्शनले भी येते. कोण पाहते त्याले?"

"मी पाहतो ना सर."

"पाहुणे ठरले. बॅनर छापून झालं."

बॅनरवर प्रशिकचा फोटो आन् मागं उडतं जेट.

झालं होतं असं. समुद्र खवळलेला. सकाळी अकरा चाळीसले हेलिकॉप्टर उतरलं. आत तिघं. उतरल्याबरोबर चार चेननं डेकले बांधा लागते, वरचा पंखा फिरत असतानाच. खाली मी आन् प्रशिक. तीन लागल्या. तेवढ्यात जहाज कललं, त्यातली एक तुटली. हेलिकॉप्टर घसरू लागलं. मागं समुद्र.

रेडिओवर चीफ. "बुलढाणा, आउट! आउट!"

मी निघालो.

"प्रशिक, निघ बे!"

"एकच राह्यली."

त्यानं चौथीचा हुक टाकला. चेन ताणली. हेलिकॉप्टर थांबलं. पण थांबेपर्यंत प्रशिक त्याचं चाक आन् विमानं ओढायच्या ट्रॅक्टरच्या मधात आला होता. अकरा त्रेचाळीस. आतले तिघं आपल्या पायानं उतरले.

प्रशिकचे बाबा, सुखदेवकाका, शाळेत डबा पाहाले आले. घरी आलेल्या नेव्हीच्या पत्रात नुसतं 'विमान' लिहलं होतं. तेव्हापासून गावभर ते जेटच सांगून राह्यले होते. एक जेट तळहातावर घेऊन म्हणे, "यातलं माह्या पोराचं कोणतं?"

मागून हेडमास्तर मले 'सांगू नको' म्हणून मान हलवून राह्यले होते.

"यात नाही काका. ते हेलिकॉप्टर होतं."

मंग सगळं सांगतलं. काकानं जेट हळूच खाली ठेवलं.

"आतले जगले काय?"

"हाव. तिघंही."

"मंग एक तरी येऊन गेला असता."

नकला मले सगळ्यायच्या येतात. त्या तिघायची तेवढी येत नाही.

किट मी परत केली. त्यायनं खामगावच्या कोणाकडून जोडून घेतली. आठही जेट डेकवर चिकटवले, पंख उघडे. कार्यक्रमात पाहुणे म्हणे, "या वीरपुत्रानं प्राण देऊन लढाऊ विमान वाचवलं!" टाळ्या.

पहिल्या रांगेतून काका उठले. "साहेब, हेलिकॉप्टर."

पाहुणे बोलतच राह्यले.

"हेलिकॉप्टर होतं साहेब. आत तीन माणसं होती."

हेडमास्तरनं माइक ओढला. "आता राष्ट्रगीत."

सगळे उभे झाले. काका तर आधीचेच उभे होते.

पेटीखाली पाटी आहे. प्रशिक सुखदेव इंगळे, वय बावीस. तेवढं मात्र बरोबर लिहलं.