धनी कधीपासून?

हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तिच्या शेवटच्या आजारपणातही नाही — आणि शेवंताला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

शेवंता माझी चुलत बहीण. लाखांदूरला आमची दोन्ही घरं एकाच अंगणात. मी तेव्हा भंडाऱ्याला कॉलेजात होतो आणि होस्टेलमधल्या एका पोराकडून एक खेळ शिकून आलो होतो. त्याला तो त्याच्या परदेशातल्या भावाने सांगितलेला. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं — कोणी शिकारी, कोणी चोर — एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी आपापलं सोंग घेऊन त्या गोष्टीत शिरायचं. फासे नव्हते, म्हणून आम्ही कवड्या टाकायचो. सांगणारा मी. म्हणजे जंगल माझं, राक्षस माझे आणि नियमही माझेच. भाताच्या रोवणीला घरी आलो होतो; ती आटोपल्यावर मी, शेवंता आणि शेजारचा भाऊराव, तिघे सपरीत, म्हणजे अंगणाकडच्या पडवीत, पाट मांडून बसायचो.

शेवंताने सोंग घेतलं मांत्रिकिणीचं, आणि कटकट सुरू झाली. मांत्रिकिणीला स्वतःची शक्ती नसते. ती कोणाकडून तरी मिळते — एखादं भूत, एखादा तलावातला देव. त्याला आम्ही 'धनी' म्हणायचो. हा शब्दही मीच काढलेला, काय अवदसा आठवली होती कोण जाणे! माझा नियम असा, की धनी भेटणार तिसऱ्या पायरीवर. आधी दोन पायऱ्या चढा, राक्षस मारा, मग धनी. सरळ आहे ना? पण नाही, बाईसाहेबांना ते पटेना.

"मंत्र उसना हाये ना, दादा? मंग देनारा पयलेपासूनच पायजे. धनी नाही तं पयल्या पायरीवर मी आग कोनाच्या भरवशावर लावली?"

आता याला काय सांगणार? मी चिडायचो, नियम म्हणजे नियम म्हणायचो. राक्षस समोर उभा, भाऊराव कवड्या मुठीत धरून ताटकळलेला, आणि हिचं आपलं तेच — धनी पयलेपासून. पाणी भरताना तेच, जेवायला बसल्यावर तेच. काकूसुद्धा वैतागायची, "कायचा धनी धनी करून राहिले रे दिवसभर?" खेळ मी आणलेला, आणि ही मला माझ्याच खेळातली खोट दाखवणार?

त्याच दिवसांत शेवंताच्या सोयरिकीचं चाललं होतं. शहापूरचं घर. काकांबरोबर मीही तिथे जाऊन आलो होतो. मुलगा तिने आदल्या दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत पाहिलेला आणि — हे तिने फक्त मलाच सांगितलं होतं — तिला तो फार आवडला होता. म्हणजे तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊक होतं. एवढं लक्षात ठेवा.

पाहुणे आले ते न कळवता. मुलाची आई आणि मामा, दुपारच्या एसटीने उतरून थेट आमच्या फाटकाशी. आम्ही सपरीत. शेवंताची पाठ फाटकाकडे, भाऊरावचं डोकं कवड्यांत, आणि वाद अगदी हातघाईवर आलेला.

मी विचारलं, "मंग सांग ना एकदाची, तुहा धनी कधीपासून हाये?"

तिने पाटावर हात आपटला. "पयलेपासून! माहा धनी पयलेपासूनच हाये! तुले दिसत नाही मनून का थो नाहीच?"

फाटकाशी मुलाच्या आईने पदर तोंडाला लावला. काका धावत बाहेर आले. "खेळ हाये जी थो," म्हणाले.

"धन्याचा खेळ?" मामांनी विचारलं.

झालं. पाणीसुद्धा न पिता दोघं आल्या पावली परतले. सोयरीक मोडली, आणि शेवंताचं ते वाक्य गावभर झालं. पुढे कोणी विचारीना. शेवटी तिला पार बपेऱ्याला दिली, एका बिजवराला.

सगळे म्हणाले, योगायोग. मीही काकांसमोर शपथ घेऊन सांगितलं, की मी कोणाला येताना पाहिलंच नाही. आणि शेवंता! रडून डोळे सुजलेले, तरी माझी बाजू घेत होती. "दादाले का मालूम? आवाज तं माहा होता."

पण — माझं तोंड फाटकाकडे होतं. मी दोघांना पाहिलं होतं. ओळखलं होतं. मामांच्या काखेतली छत्रीही दिसली होती. ती काय उत्तर देणार ते मला पाठ होतं, ऐकून ऐकून कान किटले होते. तरी मी विचारलं, आणि नेहमीपेक्षा मोठ्याने विचारलं. कशासाठी? तर ही एकदाची तोंडघशी पडावी, गप्प व्हावी. बस, एवढ्यासाठी! कवड्यांच्या खेळात हार मानायची नव्हती म्हणून. किळस येते मला माझीच.

मागच्या पोळ्याला शेवंता माहेरी आली होती. चहा देता देता हसून म्हणाली, "दादा, तूच बराबर होता. धनी तिसऱ्या पायरीवरच भेटाले पायजे होता." मीही हसलो.

मी बरोबर नव्हतो. मंत्र उसना असेल तर देणारा आधीच असतो, यात न समजण्यासारखं काय आहे? मला ते तेव्हाही दिसत होतं. पाहुणेही दिसत होते.