माझ्या हातचं चाडं

छप्पर पेटलं तेव्हा मी भाकरी थापत होते. भरदुपार होती, तोंडं स्वच्छ दिसत होती. रॉकेलचा डबा दाजीबाच्या हातात होता. त्याच्या रानात मी सहा वर्षं खुरपलं होतं. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला होता. आमच्या वस्तीत कुणी विद्यापीठ पाहिलंसुद्धा नव्हतं. आम्ही चौघं निघालो. सासू म्हणाली, "मागं बघू नगंस, पाय उचलायचा न्हाई." नवरा दावणीची शेळी सोडायला तेवढा मागं वळला.

जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे निघालात, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते. शाळा चौथीपर्यंत, त्यात भागवते.

सेलूत जिनिंगच्या मागं एका म्हाताऱ्या सुतारमिस्त्रीचं दुकान होतं. मी भुसा झाडायचं काम मागितलं. त्यानं जात विचारली, मी सांगितली. "झाडता झाडता बघत ऱ्हा," एवढंच म्हणाला. पुढं वर्षभर नुसती पटाशीला धार लावायला दिली. मला वाटायचं, कष्टाचं मला काय शिकवतो हा? मग पहिलं भोक पाडलं आणि बाभळीचं लाकूड उभं चिरलं. तो ओरडला नाही. चिरलेला तुकडा माझ्या हातात ठेवला. "आधी त्याचे रेषे बघ. ते तुझ्याहून थोरलं हाय." गावात मान खाली घालावी लागायची. त्या दिवशी मी आपणहून घातली.

पुढं चाडं कोरायला शिकले. तिफणीवरचा हा लाकडी वाडगा; त्यात बियाण्याची मूठ सोडायची, बी तीन भोकांतून तीन नळ्यांत उतरतं. मिस्त्रीचा नेम होता: ज्यानं कोरलं त्यानंच गिऱ्हाइकाच्या बियाण्याची मूठ सोडून दाखवायची. तीन ढीग सारखे पडले तरच माल द्यायचा.

तिसऱ्या मृगात दाजीबा आला. मी पदर पुढं ओढला. शिल्लक चाडं एकच होतं, माझ्या हातचं.

"मिस्त्री, मूठ तुमी सोडा."

"कोरलंय तिनं."

त्यानं वाकून बघितलं आणि ओळखलं. "ही? आमच्या घरात पहिली मूठ सवाष्ण सोडती. ही रांड..."

"रांड कुणी केली, तुमालाच ठावं," मिस्त्री म्हणाला. "वाफसा चाललाय, पेरणीची ओल थांबायची न्हाई. न्यायचं तर न्या."

दाजीबानं वरून, हात न लागू देता, माझ्या ओंजळीत ज्वारी ओतली. मी मूठ सोडली. तीन ढीग पडले, सारखे. त्यानं बोटानं मोजल्यासारखं केलं आणि चाडं उपरण्यात गुंडाळलं. जाताना म्हणाला, "मिस्त्री, दुकान लाकडाचं हाय तुमचं. जपा."

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री दारातच धार लावत बसू लागला. पुढं नामांतराचं नाव निघालं, गावं तापली, की पुन्हा दारात. एवढी वर्षं. मी कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर म्हणाला असता, रंधा धर.

आता पेरणी ट्रॅक्टरवर होते, चाडं कुणी मागत नाही. लेकीची लेक विचारते, आपलं गाव कोणतं? मी सांगते, मिस्त्रीचा उंबरा. गावात परत गेले नाही, जाणारही नाही.

निघालो चौघं. जगलो तिघी: सासू, लेक आणि मी.