लाल शाईतलं शून्य

माझ्या हाताखाली पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी विश्वाच्या आरंभकाळावर काम करत होती. विश्व प्रसरण पावताना रिकाम्या अवकाशातूनही कण निर्माण होऊ शकतात. विश्व प्रारणाने, म्हणजे प्रकाशासारख्या ऊर्जेने, भरलेलं असतानाच्या काळात मात्र गुरुत्वाकर्षणाच्या नेहमीच्या नियमांनी वस्तुमान नसलेल्या कणांची ही निर्मिती शून्य येते. नियम थोडे बदलले तर ती शून्य राहत नाही, असं तिचं गणित सांगत होतं. मी त्या प्रकरणावर लाल शाईने ‘शून्यच येणार’ असा शेरा मारला आणि ते प्रबंधातून काढायला लावलं.

तपासताना मी नियम बदलले होते, पण त्यांच्याबरोबर बदलणारा प्रसरणाचा वेग जुनाच धरला होता. ही चूक मला दोन वर्षांनी कळली. तोवर मी विभागप्रमुख झालो होतो. गप्प बसलो.

गेल्या रविवारी धायरीला तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तिने कपाटातून तीच पानं काढली.

“माहीत होतं, सर. तुमची चूक मी त्याच आठवड्यात शोधली होती.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले की. तुम्ही म्हणालात, आपण आधी पदवी घ्या, मग आम्हाला शिकवा.”

मला ते आठवतही नव्हतं, याची जास्त लाज वाटली. मी शेरा खोडला आणि प्रकरणाच्या शेवटी मार्गदर्शक म्हणून सही केली.

“तारीख आजचीच घाला,” ती म्हणाली. “उशीर झालाय तो दिसू दे.”

परतताना बसमध्ये मला इतकी गाढ झोप लागली, की शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने उठवलं.