सोडलेला हात

आज पेपरात त्या इंग्रज पत्रकाराच्या निधनाची बातमी वाचली आणि मँगनीजच्या काळ्या धुळीचा वास नाकात शिरला. जन्मभर वर्तमानपत्रात लिहून तो उतारवयात साध्यासुध्या माणसांचे इतिहास लिहू लागला होता. अशाच एका पुस्तकासाठी तो तुमसरहून जीप करून आमच्या खाणीच्या कॉलनीत आला. बाबा निवृत्त खाणकामगार, आणि दुभाषा मी. अंगणात खाटेवर बसून बाबा दरड कोसळली त्या दिवसाचं सांगत होते. दगडांत अडकलेल्या सोबत्याचा हात त्यांनी धरून ठेवला होता. "मंग मी भेलो. मीच त्याचा हात सोडला." हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. साहेबाचं पेन थांबून होतं. मी इंग्रजीत सांगितलं, "हात निसटला." पुस्तक आलं तेव्हा आपल्या फोटोवर बोट ठेवून बाबांनी विचारलं, "मी सांगतलं तसंच लिवलं ना गा त्यानं?" मी मान हलवली. "बरं झालं. आता त्या मेलेल्या सोबत्याच्या पोराईले खरं समजन," म्हणत बाबांनी डोळे पुसले. त्याच वर्षी ते गेले. बातमीत लिहिलंय, की हा लेखक ऐकलेला एक शब्दही बदलत नसे. खरंच आहे ते. त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच मी तो बदलला होता.